लाकडी नंदीचं बाशिंग

रंभाने दोऱ्याची पिशवी देऊन टाकायचं ठरवलं तेव्हा मी पडवीत पुस्तक घेऊन बसलो होतो. आत स्वयंपाकघरात ती आमच्या सुनेशी बोलत होती.

"मयुरी, वरच्या माचोळीवरची क्रोशाची पिशवी खाली काढून ठेव. पोळा झाला का खैरुनच्या दुकानात देऊन येजो. सुया बी देऊन टाक."

"राहू द्या ना आत्याबाई. हात बरा झाल्यावर लागन."

"लय बरा होऊन राह्यला तो. कायले जागा अडवून ठेवाची?"

यावर मी उठून आत जायला हवं होतं, काहीतरी बोलायला हवं होतं. मी पान उलटलं. काय वाचलं ते मात्र आता आठवत नाही.

मृगाच्या शेवटाला अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून रंभा उजव्या हातावर पडली होती. मनगटाचं हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटं तशीच राहिली. ताठ, थोडी सुजलेली, मुठीत न येणारी. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं की दिवसभर हा दाबत राहा. आता बोटं चालवली नाहीत तर ती कायमची अशीच राहतील. रंभाने घरी आल्यावर तो चेंडू आमच्या नातीला, रिनाला, खेळायला देऊन टाकला. दुखतं म्हणून ती हात हलवत नव्हती, आणि हलवत नव्हती म्हणून तो अधिकच दुखत होता. पोळीचं पीठ मळणं सुटलं, वेणी घालणं सुटलं, आता क्रोशाही सुटणार होता. मला भीती वाटत होती ती याची. एकदा पिशवी घराबाहेर गेली की त्या हाताला परत बोलवायला आमच्याकडे काहीच उरणार नाही, असं मला वाटे. चुकीचंही असेल. मी काही डॉक्टर नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मैदानात तोरणाखाली आणतात, तिथे सजावटीचं बक्षीस ठरतं, आणि मग मुलं घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. या बैलाला आम्ही नंदी म्हणतो. आमचा नंदी गोपालसाठी केलेला. गोपाल म्हणजे आमचा मुलगा, आता नोकरीनिमित्त सिरोंच्याला असतो. तो रांगता होता तेव्हा मुखरू वाढयाने, म्हणजे आमच्या सुताराने, शिवणीच्या लाकडाचा हा नंदी करून दिला. त्या वेळी इतरांचे नंदी रंगीत कागदाने, बेगडीने सजलेले असत. रंभाने पांढऱ्या दोऱ्याची झूल विणली, शिंगांच्या टोकांना लाल शेंब्या आणि कपाळावर पंख्यासारखं उभं राहणारं बाशिंग. आमच्या आरमोरीच्या मैदानात बायका वाकून वाकून ते बाशिंग बघत होत्या, आणि मी लांब उभा राहून दुसरीकडे पाहत होतो, कारण असा अभिमान चेहऱ्यावर दिसू द्यायची मला लाज वाटायची.

वैरागडच्या माहेराहून ती ही कला घेऊन आली होती. मी वाचनालयात नोकरीला होतो. संध्याकाळी मी पुस्तक मोठ्याने वाचायचो आणि ती विणायची. श्रावण लागला की पोळ्याचं काम सुरू व्हायचं. पुस्तकातल्या माणसांचं पुढे काय झालं यापेक्षा त्यांच्या घरी काय शिजलं होतं यात तिला जास्त रस असे. "एवढं भांडले, पन जेवले काय ते नाई लिहिलं," ती म्हणायची, आणि मला लेखकाच्या वतीने ओशाळल्यासारखं व्हायचं. तिच्या ओठांवर मात्र टाक्यांची, खांब आणि साखळ्यांची, मोजणी चालूच असायची. मी वाचायचा थांबलो तरच तिची मोजणी चुकत असे, असं तिचं म्हणणं होतं.

विणलेलं बाशिंग नुसतं हातात धरलं तर ओल्या रुमालासारखं लोळतं. ते उभं राहतं पेजेमुळे. भाताच्या पेजेत बुडवायचं, ताणून वाळवायचं. हे काम ती स्वयंपाकघरात करायची, आणि मी ते कधी नीट पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर कायम पुस्तक असे. मला फक्त दुसऱ्या दिवशी फळीवर कडक झालेलं, टिचकी मारली तर कागदासारखं वाजणारं बाशिंग दिसायचं.

यातलं आज घरात काहीही नाही. पेजेच्या वासाने उंदीर येतात, कसर येते. कितीही गुंडाळून ठेवलं तरी पुढच्या श्रावणापर्यंत चोथा उरायचा. रंभाला त्याचं वाईट वाटत नसे. "उंदराचा बी पोळा झाला," म्हणायची आणि नवीन विणायला घ्यायची. गोपाल मोठा झाल्यावर शेजारच्या मुलांच्या नंदींसाठी विणलं, मग रिनासाठी. एवढ्या वर्षांचं तिचं काम उंदरांच्या पोटात गेलं. दाखवायचं म्हटलं तर माझ्याकडे काही नाही.

म्हणून मी खैरुनच्या दुकानात गेलो.

खैरुन रंभाची फार जुनी मैत्रीण. बांगड्या, लेस, रिबिनी, दोरे यांचं तिचं छोटं दुकान आहे. मी पायरीवरच उभा राहिलो. दुकानात दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत मी समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचली.

"भाऊ, तुमी? आज इकडे कसे?" खैरुन म्हणाली.

"दोरा पाहिजे होता. पांढरा. आणि थोडा लाल."

"बाईची पिशवी माह्याकडे येऊन राह्यली म्हनते, अन् तुमी दोरा नेऊन राह्यले?"

"नंदीसाठी पाहिजे."

"विननार कोन?"

मी छताला लटकणाऱ्या रिबिनींकडे पाहिलं. "बघू," म्हणालो.

खैरुनने ओढणी तोंडाला लावली. हसत होती. "भाऊ, सुई कोनत्या बाजूनं धरतेत, मालूम आहे का?"

"एका टोकाला आकडा असतो."

"चला, अर्धं काम झालं." तिने दोऱ्याच्या गुंड्या आणि एक सुई कागदात बांधून दिली. मग तिचं हसू गेलं. "एक सांगू? मी ते पिशवी घेनार नाई. माह्या सासूचा हात असाच गेला. आराम कर, आराम कर, म्हनता म्हनता लाकूड झाला. बाईले आराम नका देऊ. काम द्या."

काम द्या, हे सांगायला सोपं. रंभाला काम सांगण्याची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती. मी तिला काही सांगितलं नाही. स्वतःच विणायला बसलो.

नोकरीतून निवृत्त झालो तरी दुपारी वाचनालयाचं दार उघडून बसायचं काम अजून माझ्याकडे आहे. तिथे विणकामाचं एक जुनं पुस्तक होतं, माझ्याच काळात विकत घेतलेलं. ते कधी कोणी घरी नेलं नव्हतं. त्यातल्या आकृत्या पाहून मी सुरुवात केली. पेपर वाचायला कोणी आलं की हातातलं टेबलाखाली सारायचो. बाशिंग मधून सुरू करतात आणि प्रत्येक ओळीत खांब वाढवत नेतात, म्हणजे पंखा उघडतो. माझा पंखा एकाच बाजूने उघडत होता. कितीदा तरी उसवलं. शेवटी पांढरा दोरा काळपट पडायला लागला, तेव्हा जे झालं ते राहू दिलं.

पुस्तकात लिहिलं होतं: तयार वस्तू पातळ पेजेत बुडवून, हलकी पिळून, आकार देऊन वाळवावी. एवढंच. दुपारी रंभाचा डोळा लागला होता तेव्हा मी मयुरीला म्हणालो, "थोडी पेज देतेस काय?"

"हाव, मामाजी." तिने वाटी भरून आणून दिली. "गरम आहे. हळू."

मी वाटी मागच्या पडवीत नेली, बाशिंग बुडवलं, जुन्या उशीवर टाचण्यांनी ताणून ठेवलं. उशी कपाटावर ठेवली, रंभाला दिसू नये म्हणून.

ते वाळेना. झड लागली होती हे खरं. घरातले कपडेही दमट होते. पण कपडे निदान सुकत होते. बाशिंग हाताला चिकट लागायचं. टाचण्या काढल्या की पुढे वाकायचं, नंदीला डुलकी लागल्यासारखं. टाचण्यांच्या जागी तांबूस डाग पडले होते, मधेमधे काळे ठिपके. पंख्याखाली ठेवलं. इस्त्री फिरवली. तव्याच्या धगेवर धरलं की ताठ व्हायचं, मला बरं वाटायचं, आणि जरा वेळाने पाहावं तर पुन्हा मान टाकलेली. वाटलं, दोऱ्याला माझा हात लागला म्हणूनच असं होत असेल. माझ्या बाबतीत हे नवीन नाही. मी लावलेली तुळसदेखील जगत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी चुलीच्या निखाऱ्यावर चिमट्याने बाशिंग धरून उभा होतो. मयुरी भाजी चिरत होती आणि माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. तेवढ्यात रंभा दारात येऊन उभी राहिली.

"अजी, पापड भाजून राह्यले काय?"

लपवायला जागा नव्हती. तिने डावा हात पुढे केला, मी बाशिंग तिच्या हातावर ठेवलं. तिने ते उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहिलं.

"कोनं केलं?"

"मी."

"तुमी?"

"पुस्तकात पाहून."

"पुस्तकात असंच वाकडं होतं?"

"नाही. पुस्तकात सरळ होतं."

मयुरी भाजीवर वाकली. रंभाने अंगठ्याने बाशिंग चोळलं, नाकाजवळ नेलं आणि मग जिभेचं टोक लावून पाहिलं.

"मीठ," ती म्हणाली.

"काय?"

"खारट लागून राह्यलं. मयुरी, यायले पेज तू देल्ली?"

"हाव. मामाजीनं मांगली. मले वाटलं प्याले पाहिजे." मयुरीचा आवाज बारीक झाला. "मीठ टाकून देल्ली. थोडी जिऱ्याची फोडनी बी."

"फोडनी," रंभा म्हणाली, आणि खाली पाटावर बसली. तिचे खांदे हलत होते. क्षणभर मला वाटलं ती रडते आहे. हात मोडल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. काळे ठिपके मी गंज समजलो होतो. ते जिरं होतं.

"पावसाळ्यात मिठाच्या बरनीले पानी सुटते, पाह्यलं नाई कधी?" ती डोळे पुसत म्हणाली. "तसंच सुटलं याले. तुमी अख्खं जंगल जाळलं असतं तरी हे वाळलं नसतं. एवढ्या वर्षात पेज कशी करतो ते दिसलं नाई काय तुमाले?"

"मी वाचत होतो ना," मी म्हणालो.

"हाव. तेबी खरं."

"मग आता?" मयुरीने विचारलं.

"आता धुवा लागन. मीठ निघालं पाहिजे."

बाशिंग तिच्याच हातात होतं, म्हणून धुवायला तीच बसली. कोमट पाण्यात बुडवलं आणि डाव्या हाताने दाबायला लागली. एका हाताने पिळलं जात नव्हतं. दाबलं की दुसऱ्या बाजूने निसटायचं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिने मांडीवरचा उजवा हात पाण्यात घातला. बोटं वाकली नाहीत, पण तळवा खाली आला. तिने तळव्याने दाबलं, डाव्या हाताने पिळलं. चेहरा आवळला. पुन्हा पाणी बदललं, पुन्हा दाबलं. मयुरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काही बोलू नको म्हणून. न बोलणं माझ्याकडून इतकं उपयोगी पडल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

मग तिने सगळ्यांना कामाला लावलं. जुना तांदूळ, भरपूर पाणी, मीठ नाही. मयुरीने पेज मलमलीतून गाळली. डब्यातला धावड्याचा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घातला. "डिंकानं कडक होते, पेजेनं अंग धरते," रंभा म्हणाली. मला टाचण्यांबद्दल बोलणी बसली. "टाचनीले गंज चढते, पांढऱ्यावर डाग पडते. बाभळीचे काटे आना. लांबलांब पाहून आना, मोडलेले नोको."

मी रस्त्यापलीकडच्या बाभळीकडे गेलो. पाऊस भुरभुरत होता. शेतावरून येणारे एक गृहस्थ थांबले. "काय गा भाऊ, काटे कायले?" त्यांनी विचारलं. नंदीसाठी, असं मी म्हणालो. त्यांना ते पुरेसं वाटलं. आमच्याकडे पोळ्याच्या सुमारास एवढं सांगितलं की कोणी जास्त विचारत नाही.

परत आलो तर रंभाने पाटावर जुनी गोधडी घट्ट गुंडाळून ठेवली होती. पेजेतून काढलेलं बाशिंग त्यावर पसरलं होतं. "ओलं आहे तवरच वाकडं सरळ होते," ती म्हणाली, "वाळल्यावर नाई होत." माझा पंखा ज्या बाजूने आखूड होता ती बाजू तिने ओढायला घेतली. डाव्या हाताने टोक ओढायचं आणि त्याच हाताने काटा खोचायचा, हे जमणं शक्य नव्हतं. मी पुढे झालो. "तुमी ओढान तं फाटन," ती म्हणाली. मी मागे झालो.

तिने डाव्या हाताने टोक धरून ठेवलं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट काट्याकडे गेलं. काटा उचलला, पडला. पुन्हा उचलला. दोन्ही बोटांच्या मधे काटा धरून तिने तो गोधडीत दाबला. "आई गं," हळूच म्हणाली, आणि दुसरा काटा उचलला. बाशिंगाच्या कडेला पुष्कळ टोकं होती. प्रत्येक टोकाला एक काटा लागत होता. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम याहून फार वेगळा नसावा. मी मोजले नाहीत. मोजायला गेलो असतो तर तिने मला पाहिलं असतं, आणि थांबली असती.

"शेंब्या कुठी आहेत?" अखेरचा काटा खोचून ती म्हणाली.

"शेंब्या केल्या नाहीत."

"बिनशेंब्याचा नंदी नेनार काय पोरगी? आना दोरा."

संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो. तिने एकदा सुई हातात घेऊन पाहिली. अंगठ्याला ती पेलली नाही, दोऱ्यासकट खाली पडली. रंभा तिच्याकडे बघत राहिली. मग उचलून माझ्या हातात दिली. "पाच साखळ्या करा. जोडा. आता मुका खांब. एवढा ओढू नोका, गळा आवळून राह्यले काय त्याचा?" ती सांगत होती आणि मी लाल दोऱ्याची चुकतमाकत टोपी विणत होतो. दोन्ही कामं माझ्याने होणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी वाचायला कोणी नव्हतं. पावसाचा आवाज येत होता. मग तिनेच मला एक गोष्ट सांगितली, मी तिला आमच्या लग्नानंतर वाचून दाखवलेली. तिला त्यातल्या माणसांची नावं आठवत नव्हती. मला तर गोष्टच आठवत नव्हती. "त्यायच्या घरी वांग्याची भाजी होती पाहा," ती म्हणाली, "अन् पाहुना न जेवता गेला." मला एकदम ते पान आठवलं, कंदिलाचा उजेड आठवला, आणि तिच्या बोटांवरून सरकणारा पांढरा दोरा.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी बाशिंग गोधडीवरून सुटलं. मयुरीने काटे काढले. मी टिचकी मारली. वाजलं, थोडं जाड आवाजात, पण वाजलं. डावी बाजू अजून जराशी खाली होती. रिनाने तिकडे लक्ष दिलं नाही. तिला शेंब्या आवडल्या. झूल करायला वेळ नव्हता, म्हणून मयुरीच्या लग्नातल्या ब्लाउजचं कापड पाठीवर घातलं.

निघताना मयुरीने विचारलं, "आत्याबाई, मैदानात जाता जाता पिशवी खैरुनबाईकडे टाकू काय?"

"आज कायले?" रंभा चप्पल घालत म्हणाली. "सणाच्या दिवशी तिले कुठी त्रास देतं. माचोळीवरच राहू दे."

पडल्यापासून ती घराबाहेर गर्दीत पहिल्यांदाच निघाली होती. मैदानात तोरणाखाली नंदींची रांग लागली होती. घुंगरं, बेगडी, एका नंदीला तर लाइटची माळ होती. रिनाने आमचा नंदी मधे घुसवला. खैरुन आपल्या नातवंडांना घेऊन आली होती. तिने बाशिंग पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ओढणी तोंडाला लावली.

"कोनाचं काम आहे हे, बाई?"

"खांब यायचे," रंभा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पेज माही. अन् मीठ मयुरीचं."

"मीठ कायचं?"

"सांगीन कवाई."

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. पेजेचं बाशिंग पावसात भिजलं की संपलं. बक्षीस देणारी मंडळी तर अजून रांगेच्या दुसऱ्या टोकाला होती. मी छत्री उघडायला धडपडत होतो. रंभाने ती माझ्या हातातून घेतली, उघडली आणि पुढे जाऊन नंदीवर धरली. रिना छत्रीच्या बाहेर, मी बाहेर, ती स्वतःही अर्धी बाहेर. भिजत उभी होती.

बक्षीस कोणाला मिळालं ते मी पाहिलं नाही. मी छत्रीच्या दांड्याकडे पाहत होतो. तो तिच्या उजव्या हातात होता. बोटं पूर्ण मिटली नव्हती, करंगळी बाहेरच राहिली होती, आणि थोड्या वेळाने तिने दांडा डाव्या हातात घेतला, हात झटकला, चोळला. मला वाटलं, झालं. पण वारा आला, छत्री कलायला लागली, तेव्हा तिने तो हात पुन्हा वर नेला आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.